चारच्या आत

"आजही बॅग न्यायची नाही का?" कोलमनने व्हॅनचं दार उघडं ठेवूनच विचारलं.

"न्यायची आहे," नूला म्हणाली. "पण संध्याकाळी. साडेपाचच्या बसला."

कोलमनला हायसं वाटलं, पण पुरतं नाही. फिन्टन नावाचा हा डब्लिनचा सायकलवाला एका रात्रीसाठी आला होता आणि चार रात्री ठाण मांडून बसला होता. आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनमाराच्या किनाऱ्याने सायकलवर सुट्टी घालवणारे लोक वाटाड्या घेत नाहीत. सकाळी दिवसभराचा रस्ता लिहिलेला कागद खिशात घालायचा आणि वारा खात निघायचं. बॅगा कोलमन व्हॅनमधून पुढच्या मुक्कामी पोचवतो. एका घरी एक रात्र, असा सरळ हिशोब. नूला पाहुण्यांना खोली द्यायची, पण तिच्या घरी चार रात्री आजवर कोणीच काढल्या नव्हत्या.

खुद्द कोलमननेही नाही. गेली नऊ वर्षं तो दर रविवारी नूलाकडे चहाला यायचा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, हवापाण्यावर बोलायचा आणि सहाला उठायचा. लग्नाचं विचारायचं होतंच. पण घाई काय होती? गावाने दोघांची नावं केव्हाच जोडून टाकली होती.

या रविवारी त्या खुर्चीत फिन्टन बसला होता. वर कोलमनलाच म्हणाला, "या, या, बसा ना!" जसं काही घर त्याचंच. कोलमनच्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

आताही आतून फिन्टनचं गाणं ऐकू येत होतं.

"चारला आम्ही चहाला बसणार आहोत," नूला म्हणाली. "त्याला मला काहीतरी विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"चाळिशीच्या बाईला एकटा माणूस काय विचारतो?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुला काही बोलायचं असेल तर बोल की. मी उभीच आहे."

शब्द कोलमनच्या ओठांवर आले होते. तेवढ्यात आतल्या गाण्याने वरची पट्टी गाठली.

"बॅगेला पाचला येतो," तो म्हणाला.

नूला आत गेली. कोलमनला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग फिन्टन बाहेर आला. पिवळं जाकीट, गालांवर चार दिवसांचं ऊन. "काय कोलमन! आज तुमचं ते बेट बघून येतो. परत कधी फिरू?"

ओहोटी लागली की त्या बेटावर वाळूवरून सायकलने जाता येतं. भरती आली की वाट पाण्याखाली. पाहुण्यांना परतीची वेळ लिहून देणं कोलमनचं काम. भरतीओहोटीच्या छापील पुस्तकात हिवाळ्याचं घड्याळ धरलेलं असतं, उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणून त्यात एक तास मिळवावा लागतो. कोलमनने तो मिळवला. तीनच्या आत परत फिरायला हवं होतं.

त्याने पेन्सिल थुंकीने ओली केली आणि आणखी एक तास मिळवून कागदावर लिहिलं, 'चारच्या आत.'

कोणी विचारलंच तर सांगता आलं असतं, तास दोनदा मिळवला गेला. ती चूक इथे कोणाकडूनही होते. मागच्या उन्हाळ्यात पाद्रीबाबासुद्धा असेच अडकले होते. शिवाय जिवाला धोका नव्हता. पाणी चढताना दिसतं, आणि बेटावर एक रिकामं घर आहे. रात्री साडेअकराला पाणी ओसरेपर्यंत तिथे गात बसावं म्हणावं खुशाल.

"उपकार झाले, दोस्ता," फिन्टन म्हणाला आणि शीळ घालत निघाला.

दुपारी कोलमनने दाढी केली, अंत्यविधीला घालायचा कोट चढवला आणि आईची अंगठी खिशात टाकली. साडेतीनला तो दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर गेला. वाळू बुडाली होती. मन उगाच धास्तावलं होतं, म्हणून त्याने बेट नीट न्याहाळलं. पिवळं जाकीट रिकाम्या घराच्या कुंपणावर वाळत घातलेलं होतं. धुराड्यातून धूर निघत होता. शहरातल्या माणसाला पीटची, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची, चूल पेटवता आली याचं कोलमनला नवल वाटलं. असो, माणूस सुखरूप होता. आता लाजायचं कारण उरलं नव्हतं.

चारला पाच कमी असताना त्याने नूलाचं दार वाजवलं. दार तिच्या आईने, डीलियाने उघडलं.

"अगबाई, कोट! कोण गेलं?"

"कोणी नाही. नूला आहे ना?"

"नाही रे बाळा. बेटावर गेली."

"बेटावर? आणि तिकडेच अडकली?" कोलमन म्हणाला. "तिला वेळ कोणी सांगितली?"

"नूलाला कोण वेळ सांगणार? जन्म गेलाय तिचा या पाण्यावर. अडीचला त्या पाहुण्याचा फोन आला. म्हणाला, कोलमनच्या कागदावर चार लिहिलंय, तेव्हा जरा फिरून येतो."

"मग तिने त्याला सांगितलं असेल, तीनच्या आत ये म्हणून."

"कुठलं! सावकाश फिरा म्हणाली. फोन ठेवला, जराशी हसली, आणि पावणेतीनला सायकल काढून निघालीसुद्धा."

"त्याला परत आणायला गेली असणार," कोलमन म्हणाला. "वेळेत पोचली नसेल."

डीलियाने त्याच्या कोटाकडे पाहिलं आणि तिला त्याची कीव आली.

"मग दोघांचं रात्रीचं जेवण कशाला बांधून नेलं असतं, बाळा?"