सामना झाला की
दामूमामांच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. मामा घोटीत पोरांना कबड्डी शिकवायचे. एकदा संघातल्या सोमाच्या गुडघेपट्टीत त्यांना नशेच्या गोळ्या सापडल्या. “आईला नका सांगू मामा, लय रडंल ती. रविवारचा सामना झाला की सोडतो,” सोमा म्हणाला. संघातून काढलं तर पोरगं हातातून जाईल, या भीतीनं मामा गप्प राहिले. सामन्यानंतर आपणच दवाखान्यात नेऊ, असं त्यांनी ठरवलं. शनिवारी ते मैदानावर फक्कीनं रेषा आखत होते. पोरं ओरडत आली, “मामा, सोमा मेला!” कबड्डीत बाद झालेल्याला पोरं ‘मेला’च म्हणायची. “मग बसवा त्याला बाहेर,” मामा वाकूनच म्हणाले, आणि हातातली फक्की सांडली. डाव अजून सुरूच झाला नव्हता. सोमा त्याच शनिवारी वारला, सतराव्या वर्षी.