लूमवरचं बोलणं

“माझ्याकडं बघ,” म्हणत मैनाने तुळजाची हनुवटी वर केली. भिवंडीच्या एसटी स्टँडवर वज्रेश्वरीची गाडी लागली होती आणि जत्रेला निघालेल्या माणसांनी ती अर्धी भरलीही होती. “जाताना तरी एकदा आईकडं बघ.” सहा वर्षांच्या तुळजाने बघितलं नाही. तिची नजर नेहमीसारखी मैनाच्या डोळ्यांना चुकवून ओठांवर आली आणि तिथेच थांबली.

ती कुणाच्याच डोळ्यांत बघत नसे. घरात माणसं हसोत, रडोत, भांडोत, तुळजा त्यांचे ओठ बघत बसायची, नाहीतर पंख्याची पाती. बोलायची तर एक अक्षर नाही. अशा मुलांना काही नाव असतं हे सत्त्याऐंशी सालच्या भिवंडीत कुणाला माहीत नव्हतं. आळीत एकच नाव चालायचं, येडी. अंगारे-धुपारे करून झाले होते, दवाखान्यात डोळे तपासून झाले होते. डोळे छान आहेत, असं डॉक्टर म्हणाला. छान डोळ्यांचं करायचं काय, ते त्याने सांगितलं नाही.

तिचा बाप अनंता कापडाच्या कारखान्यात लूमवर कामाला होता. त्याने पोरीवर कधी हात उगारला नाही. तो फक्त तिच्याकडे बघेनासा झाला होता, आणि त्यावर मात्र कुणी औषध शोधत नव्हतं. मैनाला आता आठवा महिना लागला होता. सासू रोज म्हणायची, “दुसरं तरी धड होऊ दे. हिची सावली नको त्याच्यावर.” मैना देव पाण्यात घालून बसली होती ते एवढ्यासाठीच. बाळ यायच्या आत तुळजाने एक शब्द बोलावा. एक शब्द बोलली तरी पोर या घरात टिकेल, असं तिला वाटायचं.

काल दुपारी ती तुळजाला घेऊन कारखान्यात डबा द्यायला गेली होती. चोवीस लूम एकदम चालू असले की तिथे स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही. म्हणून लूमवरची माणसं आवाज काढतच नाहीत. ओठ मोठे करून, सावकाश, नुसते शब्दांचे आकार करतात, आणि पलीकडच्याला ते बरोबर कळतात. घरच्या बायकांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. अनंता आणि त्याचा थोरला भाऊ केसरीनाथ असेच दोन लूमच्या अंतरावरून बोलत होते. केसरीनाथने मैनाला येताना पाहिलं आणि बोलणं चालूच ठेवलं. एरवी दोन मिनिटांत आईचा हात ओढणारी तुळजा काल जागची हलली नाही. एकदा काकाकडे, एकदा बापाकडे, अशी बघत राहिली.

मग अनंता आला आणि मैनाच्या कानाला तोंड लावून ओरडला, “उद्या हिला वज्रेश्वरीला नेतो. जत्रा हाय. कुंडातल्या पाण्यानं गुण येतो म्हणत्यात. तू येऊ नको, ह्या दिवसांत तुला गर्दी सोसायची न्हाय.”

मैनाचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी तो आपणहून पोरीसाठी काही करायला निघाला होता. मनातल्या मनात आपण त्याला किती बोल लावले, याची तिला लाज वाटली. सकाळी उठून तिने तुळजाला तेल लावलं, वेणी घातली, रव्याचे लाडू बांधले. कुंडातून निघाल्यावर घालायला एक कोरडा फ्रॉक पिशवीत ठेवला. अनंताने तो बाहेर काढला. “ओझं कशाला?” म्हणाला. पुरुषांना काय कळतंय, असं म्हणत मैनाने तो परत आत कोंबला.

कंडक्टरने घंटी मारली. अनंताने तुळजाचं मनगट धरलं. पोरीचे ओठ सकाळपासून काही चघळत असल्यासारखे हलत होते. आता त्यांतून आवाज आला. घोगरा, चढउतार नसलेला.

“कुंडावर लय गर्दी असते.”

मैनाला आधी वाटलं, मागून कुणी बोललं. मग पोट सांभाळत ती तिथेच फरशीवर बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं. “ऐकलं का? बोलली ती. देवीनं जायच्या आधीच गुण दिला.” तिने वर बघितलं. अनंताच्या हातातून मनगट सुटलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पोर बोलली तर बापाला आनंद का होऊ नये, हे तिला कळेना.

“बोल गं बाय,” ती म्हणाली. “अजून बोल.”

तुळजा आईच्या ओठांकडे बघत होती. कारखान्यात जे दिसलं होतं ते तिने दिसल्या क्रमाने म्हटलं, आधी काकाचं, मग बापाचं, मग पुन्हा काकाचं.

“हात सोडून दे गर्दीत.”

“आन् मैनाला काय सांगू?”

“हरवली म्हून सांग.”