चौथ्या दिवसाचा चेहरा

निसर्गाइतका मोठा रंगारी जगात झाला नाही, असं जागृती प्रत्येक नवरीला सांगायची आणि मग त्या निसर्गाला हातभार म्हणून अकरा फॉरेनचे ब्रश बाहेर काढायची. वसई-विरारच्या लग्नांत तिच्या नॅचरल लुकला तोड नव्हती.

आज मात्र समोर तिची आई बसली होती. बाबांना जाऊन चार दिवस झाले, तरी आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. दुःख नाही की सुटका नाही, आत काही हलतच नव्हतं. वर झोप छान लागत होती, त्यामुळे चेहरा टवटवीत.

"गावच्या बायका अकराला समाचाराला येतायत. हे तोंड बघितलं तर जन्मभर चघळतील," आई म्हणाली. "रडलेली दिसले पाहिजे. पण मेकअप दिसता कामा नये."

जागृतीचा हात सवयीने चालू लागला. डोळ्यांखाली तिने महागड्या पॅलेटमधला जांभळट तपकिरी रंग हलकेच जिरवला आणि नाकाच्या शेंड्याला जरा लाली दिली.

बायका आल्या. "काय खंगली गो बिचारी!" म्हणत त्यांनी पदर डोळ्यांना लावले. बाबांची सख्खी बहीण, अर्नाळ्याची धोंडूआत्या, तेवढी आईचा चेहरा अगदी जवळून निरखत राहिली. आईने घाईने पदर तोंडावर ओढला. आत्याने जागृतीला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.



"माज्यापन डोल्यांखाली जरा लाव गो पोरी."