भरलेली वलांडी

“हिरू, तुझी वलांडी काय म्हणते गं आज?” शेजारीण जानकू हसत विचारी, आणि हिरूच्या बोंबील सुकविण्याच्या बांबूंकडे नजर टाकून कामास लागे. हिरूने बोंबील उतरविले की सारा कोळीवाडा उतरवी. पूर्वी वादळाआधी बंदरातील काठीवर सरकारचा लाल बावटा सर्वांसाठी चढत असे. हवामानाचे खाते कंपनीकडे गेले आणि ती काठी ओस पडली. आता अंदाज पैसे भरणाऱ्याच्याच फोनवर येई, आणि वाड्यात पैसे एकट्या हिरूने भरले होते.

पैसे आपले आणि फायदा जानकूचा! या विचाराने हिरूचा जळफळाट होई. म्हणून आज वादळाची सूचना येताच तिने घरधन्यासही न सांगता चांगले बोंबील गुपचूप घरात नेले आणि वलांडीवर टाकाऊ बोंबील टांगून ठेविले. भिजू दे एकदा मेलीचा माल!

दुपारी जानकू म्हणाली, “भावजी होडी घेऊन गेले बघ आत्ताच. मी म्हटलं, आभाळ बरं दिसत नाही. तर म्हणतात कसे, ‘आमची वलांडी भरलेली आहे, काळजी कसली?’”

हिरूच्या हातातील सूप गळून पडले. दोरीवरचे लाल लुगडे ओढून घेऊन ती अनवाणीच बंदराकडे धावत सुटली. तिने ते काठीच्या दोरास बांधिले. परंतु गंजलेली कप्पी एकटीने हलेना. मागोमाग जानकू धापा टाकीत आली.

“ओढ गं जानकू,” हिरू ओरडली, “साऱ्यांना दिसू दे!”