पेपर काढायला गेलेले सर

पोलीस चौकीच्या पायरीवरूनच हुईचिनने लेकीला दंडाला धरून मागे ओढलं.

"वेडी झालीस का? आत जाऊन काय सांगणार होतीस?"

"बाबा हरवलेत म्हणून."

"हळू बोल! हरवायला ते काय छत्री आहेत?"

तशीच ओढत ती तिला घरी घेऊन आली. दार लावलं, खिडकीही लावून घेतली आणि मगच निंग्यूला समोर बसवलं.

"हा मे महिना आहे. विद्यापीठ प्रवेशाच्या मोठ्या परीक्षेचे पेपर काढायला प्रांतातून शिक्षक उचलतात, ठाऊक आहे ना? ज्याला बोलावणं येतं त्यानं बायकोलासुद्धा सांगायचं नसतं. काहीतरी निमित्त काढून निघायचं, आणि शेवटचा पेपर संपेपर्यंत बंदोबस्तात राहायचं. ना फोन, ना पत्र. आपण बोभाटा केला तर त्यांची नोकरी जाईल."

"पण बाबांनी निमित्तही सांगितलं नाही. 'जरा जाऊन येतो' एवढंच म्हणाले."

"आणि फोन ड्रॉवरमध्ये ठेवून गेले. आता तूच सांग, कुठे गेले असतील?"

निंग्यू अकरावीत होती. इंग्रजी बापाकडूनच शिकलेली. ती हट्टानं म्हणाली, "कपडे नेले नाहीत. चष्मा टेबलावरच आहे. बाबा सांगतात, उताऱ्यात जे नाही ते उत्तर निवडायचं नाही. आपल्याला हवंसं वाटणारं उत्तर मुद्दाम ठेवलेलं असतं."

"तिथे कपडे, चष्मा, सगळं सरकार देतं. आणि बापासारखी माझी शिकवणी घेऊ नकोस."

निंग्यूच्या बाबांनी, श्वे सरांनी, या तालुक्याच्या शाळेत उभी हयात इंग्रजी शिकवण्यात घालवली होती. वसंतातल्या सराव परीक्षेत त्यांचा वर्ग उतारा-आकलनात सगळ्यांच्या मागे राहिला. मुख्याध्यापक भर बैठकीत म्हणाले, "तुम्ही पोरांना उताऱ्यातल्या माणसांसाठी हळहळायला शिकवता. गुण कोण मिळवून देणार?" बारावीचा वर्ग काढून घेतला, तोही त्याच बैठकीत. तेव्हापासून सर घरात बोलेनासे झाले होते. शेवयांचा वाडगा हातात घेऊन बसत आणि तो तसाच थंड होऊन जाई.

म्हणूनच हुईचिनला हे बोलावणं देवीची कृपा वाटली. शाळेला कळली नाही ती किंमत प्रांताला कळली. ती रोज पहाटे अंघोळ करून क्वानयिनच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावी, आणि मागणं मागण्याऐवजी नुसते आभार मानी.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. शिक्षकांच्या वसाहतीत दर मे महिन्यात कोण दिसेनासं होतंय इकडे सगळ्यांचं लक्ष असे. नळावर बायका तिला पुढे होऊ देऊ लागल्या. द्वानवूच्या सणाला खुद्द मुख्याध्यापक पानात बांधलेल्या चिकट भाताच्या पुरचुंड्या घेऊन दारात उभे राहिले.

"वहिनी, मी काही विचारत नाही. तुम्हीही काही सांगू नका. फक्त... त्या बैठकीतलं सरांनी मनावर घेऊ नये."

"ते कशाला घेतील मनावर?" हुईचिन म्हणाली. इतक्या वर्षांत तिची मान एवढी ताठ कधी झाली नव्हती.

त्याच महिन्यात हान सरही रजेवर गेले होते. तेही इंग्रजीचेच. वडील आजारी आहेत, असं सांगून गेले. पण वसाहतीत कुणाचा विश्वास बसला नव्हता.

"झेरॉक्सवालीचं दुकानही तेव्हापासून बंदच आहे म्हणे!" भाजीवाली हानच्या बायकोला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "आता ती कुणाच्या वडिलांची सेवा करतेय कोण जाणे!"

बायका हसल्या. हानची बायको कोबी निवडत राहिली.

हुईचिनला कणव आली. "अगं, तू तरी जाऊन बघ ना सासऱ्यांकडे. अशी किती दिवस गप्प बसणार?"

"येतील, ताई. वेळ झाली की येतील."

काय बाई भोळी, असं हुईचिनला वाटलं. आपल्या पिशवीतली कमळकाकडी काढून तिनं तिच्या पिशवीत घातली. "माणूस चांगला मिळायलाही नशीब लागतं गं," ती हळूच म्हणाली.

निंग्यूनं पुढे विचारणं सोडून दिलं. चौकीवरून जाताना ती फक्त पावलं मंद करी, आणि आई तिचा दंड धरी.

मोठी परीक्षा आली. शेवटचा पेपर इंग्रजीचा. तो संपल्याची घंटा झाली तेव्हा हुईचिनच्या चुलीवर बरगड्या आणि कमळकाकडीचं सूप रटरटत होतं. तिनं जांभळा झगा चढवला, केस विंचरले. संध्याकाळी फाटकाशी आरडाओरडा झाला: "प्रांताची गाडी आली!"

सगळी वसाहत लोटली. मुख्याध्यापकांच्या हातात फुलं होती. लोकांनी हुईचिनला वाट करून दिली. पाठीमागे निंग्यू होती, आणि कुठेतरी कडेला हानची बायको.

गाडीचं दार उघडलं. उन्हाचं तोंड न पाहिल्यानं पांढरेफटक पडलेले हान सर खाली उतरले. बायकोकडे पाहून कसंनुसं हसले. हुईचिन त्यांच्या खांद्यावरून गाडीत डोकावली. मागची सीट रिकामी होती.

"अरे वा, वहिनीही आल्यात!" हान सर म्हणाले. "आता सांगायला हरकत नाही. आपल्या तालुक्यातून यंदा मला एकट्यालाच बोलावलं होतं. श्वे सरांना म्हणावं, उतारे अवघड निघाले असतील तर शिव्या द्यायला या. कुठे आहेत ते?"