बुंदुकचं पोट

बुंदुकने पुन्हा वारा सोडला आणि सून इरिनी नाकाला बाही लावून गॅलरीचं दार उघडायला धावली. दिमयाना जागची हलली नाही. शुब्रा वस्तीतल्या याच इमारतीत तिने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं सगळं काढलं होतं. कुत्र्याच्या वाऱ्याने उठून जाणारी बाई ती नव्हती.

दुसऱ्या मजल्यावरून पाचव्यापर्यंत ती जिना चढून आली होती, कारण बोलावणं आलं होतं. कुत्र्याचा डॉक्टर येतोय, तुम्ही जरा वर या, एवढंच सुनेनं फोनवर सांगितलं. कशाला, ते नाही. मुलाच्या जेवणाची वेळ झालीच होती, म्हणून तिने बिसाऱ्याचं पातेलं सोबत आणलं. रात्रभर मंद आचेवर शिजवून घोटलेले वाल, वर तेलात खरपूस केलेला कांदा-लसूण. मोठा उपास चालू होता. ईस्टर येईपर्यंत मांस नाही, दूध नाही, अंडंही नाही. एरवी वरून दोरीची टोपली खाली यायची, दिमयाना आपल्या गॅलरीतून तिच्यात भरलेली थाळी ठेवायची, आणि दुपारी थाळी परत यायची ती अगदी लख्ख. शेजारच्या उम्म शादीला ती मुद्दाम दाखवायची. तुझ्या पोरांना उपासातही कोंबडी लागते, माझा रऊफ बघ, थाळीला काही म्हणता काही ठेवत नाही.

डॉक्टर पोरगेलासाच होता. सतरंजीवर बसून त्याने बुंदुकचं पोट टिचकी मारून पाहिलं. ताशासारखं वाजलं. मग त्याने एकेक सांगायला सुरुवात केली. घाईघाईने गिळलं की पोटात हवा जाते. दूध पचत नाही. शिळंपाकं खाल्लं, एकदम खाणं बदललं, दिवसभर घरात लोळत राहिला, तरी असंच होतं. सकाळी हा ओकला त्यात काय दिसलं, असं त्याने विचारलं. इरिनी म्हणाली, वाल. आणि कांदा.

डॉक्टरचा चेहरा बदलला. वाल आधी बंद करा, म्हणाला, गुबारा त्यानेच धरलाय. आणि कांदा-लसूण तर कुत्र्याला विष, रक्त नासतं. मऊ भात, तांबडा भोपळा, थोडी उकडलेली कोंबडी, बाकी काही नाही. भांड्यात मोठा गोटा ठेवा, म्हणजे अडून अडून खाईल. खाल्ल्यावर थोडं फिरवून आणा. "पण हे त्याला घालतंय कोण, ते शोधा," तो म्हणाला. "एखाद्या घासाचं काम नाही हे. रोज पोटभर खातोय."

इरिनी खिडकीकडे बघत बोलली. "आई, तुम्ही मायेनंच देत असाल हो. पण त्याला सोसत नाही."

आता कळलं बोलावणं कशाला ते. दिमयानाने बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. म्हणाली, माझ्या उंबऱ्याशी आला तर मी झाडू उगारते, मरियमच्या तसबिरीपुढे दिवा असतो माझ्या घरात. माया करायला मला माझी माणसं आहेत. आणि तीन जिने चढवून मला हे ऐकवायचं होतं, तर डॉक्टर गेल्यावर ऐकवायचं, परक्यापुढे नाही.

रऊफ मोबाईल चाळत होता. मान वर न करता म्हणाला, "आई, टाकला असशील कधी एखादा घास. तुला कोणी रागावतंय का?"

हे तिला लागलं. सुनेचं बोलणं तिने झटकून टाकलं असतं. "मरियमची शपथ," ती म्हणाली, "माझ्या हातचा कण त्याच्या तोंडात गेलेला नाही."

विषय संपला असं समजून तिने पातेल्याचं झाकण काढलं आणि मुलाला म्हणाली, तू जेवायला बस, निवतंय. कांद्याचा वास खोलीभर झाला.

बुंदुक डॉक्टरच्या हातातून निसटला. नखं वाजवत स्वयंपाकघरात गेला आणि आपलं जर्मनचं भांडं दातांत धरून आला. ते त्याने रऊफच्या पायाशी ठेवलं आणि समोर बसला. पातेल्याकडे त्याने पाहिलं नाही, दिमयानाकडेही नाही. शेपटीने फरशी झाडत तो फक्त रऊफच्या हाताकडे बघत राहिला.

"कसलंही झाकण निघालं की असंच करतो तो," इरिनी घाईने म्हणाली.

दिमयानाने मुलाकडे पाहिलं. चाळिशी उलटलेल्या बाप्याचे कान लाल झाले होते. शर्टाची बटणं पोटावर ताणली होती. एवढा कडक उपास करूनही अंगावरचं मांस उतरलं नाही, म्हणून गेल्या रविवारीच तिने चर्चमध्ये आभाराची मेणबत्ती लावली होती.

"म्हणजे या घरात उपास तेवढा हा कुत्राच धरतो," ती म्हणाली.

डॉक्टर हसला, आणि आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन बॅग आवरायला लागला.

"तसं नाही ग आई." रऊफने मोबाईल उलटा ठेवला. "घरी जेवायला येण्याआधीच ऑफिसात सगळ्यांबरोबर खाणं होतं. आणि परत पाठवलं तर तुला वाईट वाटेल, म्हणून... उद्यापासून खातो. तुझ्यासमोर बसून खातो, मग तर झालं?"

दिमयानाने पातेल्यावर झाकण ठेवलं. गुडघ्यावर हात टेकत ती कशीबशी खाली बसली आणि बुंदुकच्या टम्म पोटावर आयुष्यात पहिल्यांदा हात ठेवला. तिने मुलाकडे मान वळवली नाही.

"डॉक्टर," तिने विचारलं, "भोपळा सोलून उकडायचा, का सालासकट?"