रिकामा आलेला डबा

डोरीननं माझा डबा परत केला. घासून लख्ख केलेला, पण रिकामा.

लेस्टरला राहायला आलो तेव्हा मीच या शेजारणीला सांगितलं होतं, भरून आलेला डबा आमच्यात रिकामा धाडत नाहीत. वीस वर्षं माझ्या चकल्या गेल्या की तिचा केक यायचा. ब्रेक्झिटचा निकाल लागल्यापासून मी गल्लीतल्या प्रत्येक दाराकडे संशयानं बघत होते, यातल्या कुणाला आम्ही नको झालोय? आता कळलं.

"विसरली असेल गं," पेपरातून डोकं न काढता नवरा म्हणाला.

मी तडक जाऊन तिच्यापुढे डबा धरला. "माझं काय चुकलं?"

डोरीनचे डोळे सुजले होते. "माझी सून पोलंडची. मुलाला, नातवाला घेऊन कायमची निघालीय. युरोपातून बाहेर पडायला मत देणार, असं तुझ्या नवऱ्यानंच मला कुंपणावरून हसत सांगितलं होतं. तुला बोलला नाही?"

घरी आले. "विसरलीच होती ना?" त्यानं विचारलं.

"नाही. तिच्या सगळं लक्षात आहे," म्हणत मी रिकामा डबा त्याच्या पुढ्यात ठेवला.